पॉवर मॉनिटर चिपने ‘मेमरी एरर’ दाखवली, तर तपास कसा करावा?

मच्छीमार बोटीवरची बॅटरी, आंब्याच्या कलमांना पाणी देणारा सौर पंप किंवा किनाऱ्यालगतच्या घरातला इन्व्हर्टर यांचा व्होल्टेज, करंट आणि खर्च झालेली ऊर्जा मोजण्यासाठी डिजिटल पॉवर मॉनिटर चिप वापरणारी नवी मंडळी कोकणात आता ठिकठिकाणी भेटतात. त्यांच्या हाती बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयएनए-२२८ किंवा तिच्याच कुळातली २३७ अथवा २३८ ही चिप असते आणि कधी ना कधी त्यांच्या स्क्रीनवर ‘मेमरी एरर’ उमटते. अशा वेळी चिप उपटून नवी बसवण्याकडे हात वळतो. माझे सांगणे वेगळे आहे. हा फ्लॅग, म्हणजे बिघाड सांगणारी खूण, चिपने दाखवला आहे की आपल्याच वाचनातून निपजला आहे, याचा निकाल लागल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नये. आणि तो चिपनेच दाखवला आहे हे एकदा सिद्ध झाले, की मग त्या चिपच्या एकाही आकड्यावर विसंबू नये.

पुढील विवेचन आयएनए-२२८ डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. २३७ आणि २३८ यांतही हा फ्लॅग त्याच जागी असतो, मात्र मोजमापांचे आकडे तेथे वेगळे आहेत आणि ऊर्जेचा साठत जाणारा आकडा तेथे नसतो.

फ्लॅग नेमके काय सांगतो

सिलिकॉनचे दोन तुकडे कधीच तंतोतंत सारखे उतरत नाहीत. म्हणून कारखान्यात चाचणीच्या वेळी प्रत्येक चिपचे मोजमाप किती सरकवावे आणि किती ताणावे, याचे आकडे काढून ते त्या चिपच्याच कायमस्वरूपी मेमरीत लिहून ठेवले जातात. या आकड्यांना ट्रिम म्हणतात. ट्रिमच्या मजकुरात कोठे फेरफार झाला आहे का, हे कळावे म्हणून चिप चेकसम, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, तपासते आणि हिशेब जुळला नाही, तर अकराव्या क्रमांकाच्या, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) ०बी या पत्त्याच्या, डायग-अलर्ट या रजिस्टरातला (चिपमधल्या सोळा बिटांच्या कप्प्यातला) सर्वांत खालचा बिट ० करते. या बिटाचे नाव मेमस्टॅट.

यात दोन गोष्टी नवशिक्यांच्या ध्यानात येत नाहीत. पहिली म्हणजे आपण चिपमध्ये लिहिलेल्या सेटिंगचा या मेमरीशी संबंध नाही. शंट कॅलिब्रेशन (शंट म्हणजे करंट मोजण्यासाठी वाटेत बसवलेला लहान रोध), अलर्टच्या मर्यादा, सरासरीची संख्या हे सारे वीज गेली की पुसले जाते आणि ते चुकीचे लिहिले गेले, तरी त्यामुळे ट्रिमचा चेकसम बिघडत नाही. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. मेमस्टॅटचा अर्थ उलटा आहे: १ म्हणजे सारे ठीक आणि ० म्हणजे चेकसम चुकला. त्याच रजिस्टरातल्या जादा व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जादा तापमान या फ्लॅगांमध्ये मात्र १ म्हणजे तक्रार. एकाच ओळीत बसलेल्या बिटांचे अर्थ असे परस्परविरुद्ध असल्यामुळे ‘कोणताही बिट १ दिसला की एरर’ अशा सरसकट नियमाने लिहिलेला प्रोग्रॅम ठणठणीत चिपलाही आजारी ठरवतो. वीज दिल्यावर या रजिस्टराची मूळ किंमत ०००१ असते, आणि तीच निरोगी किंमत आहे. पीएमबस पद्धतीच्या चिपांवर आधी काम केलेल्यांनी येथे विशेष सावध राहावे; तेथे हेक्स ७ई या स्टेटस रजिस्टरातला चौथा बिट (बिटांची मोजणी शून्यापासून होते) १ झाला की मेमरीत बिघाड असतो, म्हणजे रीत नेमकी उलटी.

पहिली पायरी : दिसणारे शून्य खरे आहे का

सर्वप्रथम चिपची ओळख पटवावी. हेक्स ३ई या पत्त्यावर उत्पादकाची खूण असते आणि ती ५४४९ अशीच यायला हवी. ५४ आणि ४९ हे टी आणि आय या रोमन अक्षरांचे ॲस्की आकडे आहेत. हेक्स ३एफ या पत्त्यावर आयएनए-२२८ साठी २२८१ मिळते, ज्यातला शेवटचा आकडा आवृत्तीचा असतो. ही दोन उत्तरे जशीच्या तशी मिळेपर्यंत मेमस्टॅटकडे पाहण्यात अर्थ नाही. बाजारात मिळणाऱ्या जांभळ्या-निळ्या मॉड्यूलांवर २१९, २२६ आणि २२८ या चिपा दिसायला जवळपास सारख्या असतात आणि तिन्हींचा पहिला पत्ता हेक्स ४० हाच असतो. २१९ मध्ये ओळखीचे रजिस्टरच नाही. २२६ मध्ये ते हेक्स एफई आणि एफएफ या पत्त्यांवर आहे. आणि मेमस्टॅट या दोहोंतही नाही. अशा चिपकडून अकराव्या रजिस्टराचे उत्तर मागितले, तर जे हाती येईल त्याला मेमरीची स्थिती समजणे व्यर्थ आहे.

उत्पादकाची खूण ५४४९ ऐवजी ४९५४ अशी आली, तर चिप बरोबर आहे आणि बाइटांचा क्रम उलटला आहे. ही चिप वरचा बाइट आधी पाठवते. चिप आणि कंट्रोलर यांना जोडणाऱ्या आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरून वाचण्यासाठी रास्पबेरी पायवर आय-टू-सी-गेट ही आज्ञा वर्ड पद्धतीने वापरली, तर एसएमबस या आय-टू-सीच्या भावंडाच्या नियमानुसार आधी आलेला बाइट खालचा मानला जातो, आणि त्यामुळे निरोगी ०००१ आपल्याला ०१०० असे दिसते. सर्वांत खालचा बिट ० दिसतो आणि आपण मेमरी गेली म्हणून हळहळतो. चिप सतत मोजत असेल, तर मोजणी पूर्ण झाल्याचा बिटही चढलेला असतो, म्हणजे खरी किंमत ०००३ असते; ती उलटून ०३०० झाली, की मेमरी एररच्या जोडीला अंकगणित ओसंडल्याचा म्हणजे मॅथ ओव्हरफ्लोचा फ्लॅगही खोटाच दिसू लागतो. दोन बिघाड एकदम आले म्हणजे चिप नक्कीच जळाली, असा निष्कर्ष काढणे येथे सोपे असते आणि तो साफ चुकीचा असतो.

या गोंधळातून सुटण्यासाठी एक चांगली खूण रजिस्टरातच आहे. आठव्या क्रमांकाचा बिट राखीव आहे आणि तो नेहमी ० वाचला जातो. बाइट उलटले, तर निरोगी मेमस्टॅटचा १ नेमका याच आठव्या बिटाच्या जागी येऊन बसतो. तेव्हा आठवा बिट १ दिसला, की मेमरीचा विचार बाजूला ठेवून वाचनाची पद्धत तपासावी. प्रोग्रॅममध्ये ही तपासणी कायमची घालून ठेवावी, अशी माझी शिफारस आहे. एका ओळीचे काम आहे आणि ते पुढे पुष्कळ मनस्ताप वाचवते.

त्याच खुणेचा आणखी एक उपयोग होतो. आय-टू-सी तारा पुल-अप रेझिस्टरमुळे वर ओढलेल्या असतात, त्यामुळे चिप उत्तरच देत नसेल, तर कित्येकदा सोळाही बिट १ वाचले जातात. अशा वाचनात मेमस्टॅट १ दिसतो, म्हणजे तार तुटलेली असताना स्क्रीनवर ‘मेमरी ठीक’ असे झळकते. आठवा बिट १ असल्याचे पाहिले, तर हे सोंग लगेच उघडे पडते. याउलट डेटाची तार कोठे तरी जमिनीशी चिकटली असेल, किंवा लायब्ररीने अयशस्वी वाचनानंतर आधीच शून्य भरलेला बफर तसाच परत दिला असेल, तर ०००० मिळते आणि मेमरी एरर उठते. आर्डुइनोच्या वायर लायब्ररीत ट्रान्समिशन संपवणारे फंक्शन यशस्वी झाले, तर ० आणि पत्त्याला प्रतिसाद मिळाला नाही, तर २ परत देते, तर मागणी करणारे फंक्शन प्रत्यक्ष किती बाइट आले ते सांगते. हे दोन्ही आकडे न तपासता पुढे जाणारा प्रोग्रॅम तारेच्या बिघाडाचे खापर मेमरीवर फोडतो.

म्हणून ०००० आणि ०००२ यांत फरक करायला शिकावे. चिप सतत मोजणीच्या स्थितीत असताना ०००२ येत असेल, तर मोजणी पूर्ण होत आहे, बस जिवंत आहे आणि तरीही खालचा बिट ० आहे. हे वाचन गंभीरपणे घ्यावे. नुसते ०००० वारंवार येत असेल, तर आधी बसवर संशय घ्यावा. वीज दिल्यापासून पहिले वाचन करण्यापूर्वी दहा मिलिसेकंद थांबावे, कारण मूळ सेटिंगमध्ये व्होल्टेज, शंट आणि तापमान या तिन्ही मोजण्या मिळून सुमारे तीन मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ घेतात.

दुसरी पायरी : त्या बिटावर आपणच काही लिहिले का

डेटाशीटच्या तक्त्यात मेमस्टॅटपुढे वाचन आणि लेखन असे दोन्ही नोंदलेले आहे. अलर्ट लॅच करण्यासाठी, म्हणजे एकदा उठलेला अलर्ट वाचेपर्यंत अडकवून ठेवण्यासाठी, अनेक जण या रजिस्टरात थेट ८००० लिहितात. त्यात सर्वांत वरचा बिट १ होतो, पण त्याच झटक्यात सर्वांत खालच्या जागी ० पाठवले जाते. मग पुढच्या वाचनात दिसणारे शून्य चिपचे की आपले, हा वाद उरतो. तो टाळण्याचा मार्ग साधा आहे: ८००० ऐवजी ८००१ लिहावे, आणि या रजिस्टरात काहीही लिहिताना खालचा बिट १ ठेवण्याची शिस्त पाळावी.

शहानिशा करायची असेल, तर चिपची वीज तोडून पुन्हा द्यावी, दहा मिलिसेकंद थांबावे आणि एकही अक्षर न लिहिता अकरावे रजिस्टर वाचावे. येथे खालचा बिट १ असेल, तर आपल्या सुरुवातीच्या सेटिंगमधली एक-एक ओळ चालवत प्रत्येक ओळीनंतर ते पुन्हा वाचावे. ज्या ओळीनंतर शून्य होईल, ती ओळ दोषी. हे करताना एक पथ्य पाळावे लागते: अलर्ट लॅच केलेला असेल, तर हे रजिस्टर वाचल्याने अडकून राहिलेले अलर्ट मोकळे होतात, म्हणून बोटीवर किंवा पंपावर ज्या यंत्रणेचे संरक्षण त्या अलर्टवर अवलंबून आहे, ती आधी बंद करूनच असे खेळ करावेत.

तिसरी पायरी : चिपला मिळणारी वीज

वाचन निर्दोष आहे, लिहिण्यात चूक नाही आणि तरीही चिप ०००२ सांगते आहे, असे ठरल्यावर वीजपुरवठ्याकडे वळावे. आयएनए-२२८ ला २.७ ते ५.५ व्होल्ट लागतात. बोटीवर ही वीज बहुधा बॅटरीवरून बक कन्व्हर्टरने खाली आणलेली असते, आणि इंजिन सुरू करताना सेल्फ जो करंट खेचतो त्याने बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खोल जातो. मालवणकडचा तांडेल ‘सेल्फ मारलो काय मीटर उडता’ असे सांगतो, तेव्हा त्याने निम्मे निदान केलेले असते. कन्व्हर्टरचा आउटपुट पूर्ण शून्यावर न जाता अर्धवट खाली येऊन पुन्हा वर चढला, तर चिपची सुरुवात नीट होत नाही, आणि अशा लंगड्या सुरुवातीत ट्रिमचे वाचन चुकणे शक्य असते.

असा झटका बसून चिप मधल्या मध्ये रीसेट झाली का, हे ओळखण्याची युक्ती म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे शंट कॅलिब्रेशन रजिस्टर वाचणे. त्याची मूळ किंमत हेक्स १००० आहे. आपण तेथे दुसरा आकडा लिहिला होता आणि आता १००० दिसत असेल, तर चिप आपल्या नकळत नव्याने सुरू झाली आहे. ऊर्जेचा साठत गेलेला आकडाही तेव्हा शून्यापासून सुरू झालेला आढळेल. ऑसिलोस्कोप हाताशी असेल, तर त्याचा प्रोब थेट चिपच्या सप्लाय पायावर आणि क्लिप चिपच्या ग्राउंडवर लावावी, ट्रिगर तीन व्होल्टच्या आसपास उतरत्या कडेवर ठेवावा आणि मग सेल्फ मारून पाहावे. कन्व्हर्टरच्या टोकाला मोजलेला व्होल्टेज येथे पुरावा होत नाही, कारण लांब बारीक तारेत आणि गंजलेल्या टर्मिनलात काय हरवते ते तेथे दिसत नाही.

ऑसिलोस्कोप नसेल, तर चिप आणि मायक्रोकंट्रोलर यांना काही वेळ वेगळ्या छोट्या बॅटरीवरून किंवा पॉवर बँकेवरून वीज द्यावी, ग्राउंड मात्र मुख्य बॅटरीच्या ऋण टोकाशी एकच ठेवावे. या जोडणीत सेल्फ कितीही वेळा मारला तरी फ्लॅग उठत नसेल, तर चोर सप्लायमध्येच आहे. त्यावरचा उपाय म्हणजे चिपच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, कन्व्हर्टरच्या इनपुटला पुरेसा मोठा कपॅसिटर आणि त्याच्या आधी एक डायोड, म्हणजे बॅटरी खाली गेली तरी कपॅसिटरमधला साठा उलटा वाहून सेल्फकडे जाणार नाही. मायक्रोकंट्रोलरचे ब्राउन-आउट संरक्षण चालू ठेवावे. व्होल्टेज घसरत असताना भलतेच लिहीत सुटलेला कंट्रोलर बसवर काय धुमाकूळ घालेल ते सांगता येत नाही.

रीसेटचेही दोन प्रकार लक्षात ठेवावेत. शून्याव्या रजिस्टरात ८००० लिहिले, की चिप वीज नव्याने मिळाल्यासारखी सुरू होते. त्याने फ्लॅग १ झाला आणि पुढे तसाच राहिला, तर सुरुवातीच्या वाचनातला तात्पुरता दोष होता असे मानून सप्लाय सुधारावा. त्याने न झाल्यास वीज पूर्ण तोडावी, आणि ‘पूर्ण’ याचा अर्थ मीटरने सप्लाय पायावर मोजून जवळजवळ शून्य दिसेपर्यंत थांबणे असा घ्यावा, कारण बोर्डावरचे कपॅसिटर मिनिटभरही भार धरून ठेवू शकतात. एवढे करूनही फ्लॅग शून्यच राहिला, तर ट्रिमची मेमरी खरोखर बिघडली असण्याकडे पारडे झुकते.

चौथी पायरी : खारा दमट वारा आणि बोर्ड

घाटावरच्या मार्गदर्शकांत हा भाग दोन ओळींत उरकतात. आपल्याकडे तसे चालत नाही. मिरकरवाडा असो, हर्णे असो वा देवगड, बंदरात उभ्या असलेल्या बोटीच्या केबिनमध्ये पेटी उघडी राहिली, तर काही महिन्यांत सोल्डरवर पांढरट भुकटी आणि तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पुटे दिसू लागतात. आयएनए-२२८ च्या दहा पायांपैकी शेजारच्या दोन पायांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर असते. मिठाचा थर हवेतली ओल ओढून घेतो आणि त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये एक गळका रेझिस्टर तयार होतो. पुल-अप दहा किलोओहमचा असेल आणि गळतीही तेवढीच असेल, तर तारेची वरची पातळी निम्म्यावर येते, आणि मग १ चे ० होणे हा रोजचा प्रकार होतो.

पत्ता ठरवणारे ए० आणि ए१ हे पाय ग्राउंड, सप्लाय, डेटा किंवा क्लॉक यांपैकी कशाला तरी जोडलेले असतात आणि त्यांतून हेक्स ४० ते ४एफ असे सोळा पत्ते मिळतात. यांपैकी एखाद्या पायाचा सोल्डर गंजून उचलला गेला, तर चिप भलत्याच पत्त्यावर जाऊन बसते आणि आपला प्रोग्रॅम रिकाम्या पत्त्याकडून शून्य गोळा करत राहतो. म्हणून संशय आला की सोळाही पत्ते एकदा स्कॅन करून पाहावेत. रास्पबेरी पायवर स्कॅनमध्ये पत्त्याच्या जागी दोन यू दिसले, तर चिप हरवलेली नाही, कर्नलच्या ड्रायव्हरने ती ताब्यात घेतली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बोर्ड धुताना क्रम महत्त्वाचा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल फ्लक्स आणि तेलकटपणा काढते, पण मीठ त्यात फारसे विरघळत नाही. म्हणून बॅटरीची जोडणी काढून बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने मऊ ब्रशने धुवावा, मग अल्कोहोलने पुसावा आणि पूर्ण वाळवावा. पावसाळ्यात नुसत्या पंख्याखाली ठेवलेला बोर्ड वाळल्यासारखा दिसतो, वाळत नाही. पत्र्याच्या डब्यात कमी वॅटचा बल्ब लावून त्याच्या उबेत काही तास ठेवणे बरे. वाळल्यावर फ्लॅग गेला आणि दमट हवेत परत आला, तर निदान झाले. मगच ॲक्रिलिक कोटिंग द्यावे. मिठावर दिलेले कोटिंग मीठ आतच कोंडते आणि अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होते.

पेटीत तारा खालच्या बाजूने ग्लँडमधून घ्याव्यात आणि ग्लँडच्या आधी तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी पेटीत न शिरता झोलाच्या तळाशी गळून पडेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी असते; बोटी वर ओढून शाकारल्यावर पेट्या उतरवून घरी आणाव्यात आणि ही सारी साफसफाई त्या काळात उरकावी. बंद बोटीत दोन महिने दमट हवेत पडून राहिलेली पेटी नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच दिवशी तक्रार करते, यात नवल नाही.

वायरलेसचाही उल्लेख येथे करायला हवा. बोटीवरचा व्हीएचएफ संच २५ वॅटपर्यंत प्रक्षेपण करतो. मॉनिटरची तार ॲन्टेनाच्या केबलला समांतर गेली असेल, तर बोलण्याचे बटण दाबताच वाचन बिघडते. मेमरी एररची वेळ आणि वायरलेसवरच्या बोलण्याची वेळ जुळते का, हे तांडेलला विचारावे. तारा वेगळ्या मार्गाने नेल्या आणि आय-टू-सीची लांबी हातभराच्या आत ठेवली, की हा त्रास बहुधा मिटतो.

पाचवी पायरी : चिपचे आकडे बाहेरून पडताळणे

ट्रिम बिघडले असेल, तर मोजमापही बिघडलेले असण्याची शक्यता असते, म्हणून फ्लॅगला साक्षीदार शोधावा. सहाव्या क्रमांकाच्या रजिस्टरात चिपचे तापमान असते आणि २२८ मध्ये त्याचा एक आकडा ७.८१२५ मिलिअंश सेल्सिअसचा असतो. चिप ३० अंशांवर असेल, तर वाचन ३८४० यावे आणि ३२ अंशांवर ४०९६. सकाळी यंत्रणा थंड असताना, वीज देताच घेतलेले वाचन खोलीतल्या साध्या थर्मामीटरशी ताडून पाहावे.

पाचव्या रजिस्टरातला बस व्होल्टेज तीन बाइटांचा असून त्याचे वरचे वीस बिट कामाचे असतात. एक आकडा १९५.३१२५ मायक्रोव्होल्टचा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा १२.८ व्होल्ट हा नाममात्र व्होल्टेज घेतला, तर हिशेबाने ६५५३६ येतात. तीन बाइटांची संख्या चार घरे उजवीकडे सरकवायला विसरले, तर उत्तर सोळापट येते आणि पुन्हा एकदा चिपवर नाहक आळ येतो. चांगल्या मल्टीमीटरने थेट चिपच्या व्ही-बस पायावर मोजून तुलना करावी.

येथे एक इशारा देणे भाग आहे. आकडे जुळले, म्हणून फ्लॅग खोटा ठरत नाही. ट्रिमच्या मजकुरात एखादाच बिट फिरला असेल, तर त्याचा परिणाम आज घेतलेल्या १२ व्होल्टच्या वाचनात दिसणार नाही; तो बारीक करंटमध्ये किंवा भर उन्हाच्या तापमानात दिसू शकतो. आकडे जुळले नाहीत, तर फ्लॅगला बळकटी मिळते. जुळले, तर फक्त एवढेच कळते की नुकसान ढोबळ नाही.

शेवटची कसोटी अदलाबदलीची. खात्रीचे दुसरे मॉड्यूल त्याच तारांवर, त्याच सप्लायवर, त्याच प्रोग्रॅमने चालवावे आणि संशयित मॉड्यूल टेबलावर स्वच्छ सप्लायवर चालवावे. फ्लॅग मॉड्यूलबरोबर गेला, तर दोष मॉड्यूलचा. जागेवरच राहिला, तर जोडणीचा.

चिप बदलायची ठरल्यास

टेबलावर, स्वच्छ सप्लायवर, काहीही न लिहिता आणि पूर्ण वीज तोडून दिल्यावरही ०००२ येत राहिले, तर चिप बदलावी. ट्रिम दुरुस्त करण्याचा मार्ग वापरकर्त्याच्या हाती नाही. ‘एरवी तर बरोबर दाखवते’ म्हणून प्रोग्रॅममधली तपासणी काढून टाकणे हा कोणत्याही परिस्थितीत उपाय नव्हे. मॉनिटरच्या आकड्यावर भरवसा ठेवून लोक समुद्रात जातात.

नवी चिप लावण्यापूर्वी जुनी कशाने गेली असावी, याचा विचार करावा. सप्लाय पायाला सहा व्होल्टपेक्षा जास्त कधीच मिळता कामा नये. कन्व्हर्टर बिघडून बॅटरीचा व्होल्टेज थेट आला असेल, तर नवी चिपही त्याच वाटेने जाईल. मोजणीच्या पायांवर ८५ व्होल्ट ही मर्यादा आहे, आणि इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल सैल झाले, तर अल्टर्नेटरचा उसळलेला व्होल्टेज २४ व्होल्टच्या बोटीतही तेथपर्यंत पोहोचू शकतो. तेथे योग्य क्षमतेचा टीव्हीएस डायोड (उसळलेला व्होल्टेज गिळणारा डायोड) लावावा. ऑक्टोबरातल्या आणि वळवाच्या विजांच्या दिवसांत बागेतल्या पंपाच्या लांब तारांनाही तेच संरक्षण द्यावे. चिप उतरवताना आणि बसवताना हॉट एअरचा झोत एकाच जागी रेंगाळू देऊ नये आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा.

प्रोग्रॅममध्ये मेमस्टॅटची तपासणी सुरुवातीला एकदा आणि नंतर ठरावीक अंतराने करावी. शून्य आढळल्यास लगेच ओरड न करता तीन वाचने घ्यावीत, प्रत्येक वाचनाबरोबर उत्पादकाची खूण आणि आठवा बिट तपासावा, आणि तिन्ही वेळा ओळख बरोबर व मेमस्टॅट शून्य असेल, तरच एरर दाखवावी. त्या नोंदीत वेळ, बॅटरीचा व्होल्टेज आणि शंट कॅलिब्रेशनची वाचलेली किंमत साठवावी. ऊर्जेच्या आकड्यापुढे तेव्हापासून ‘अविश्वसनीय’ असा शेरा यायला हवा. आकडा लपवू नये आणि शेऱ्याशिवाय दाखवूही नये.

नवी चिप बसवल्यावर शंट कॅलिब्रेशनची किंमत पुन्हा लिहावी लागते. २२८ साठी ती १३१०७.२ दशलक्ष गुणिले एका आकड्याचा करंट गुणिले शंटचा रोध अशी काढतात आणि शंटची लहान, म्हणजे ४०.९६ मिलिव्होल्टची मर्यादा निवडली असेल, तर तिला चाराने गुणतात. ऊर्जा आणि चार्ज यांचे चाळीस बिटांचे साठे शून्यापासून सुरू होतात, म्हणून जुन्या चिपचा शेवटचा विश्वासार्ह आकडा आधी वहीत टिपून ठेवावा आणि पुढच्या हिशेबात तो प्रोग्रॅमने मिळवून घ्यावा.